गाडीची उजवी बाजू

४ मार्च, मंगळवार

आणि वर म्हणतात, तुझ्या भल्यासाठी सांगतो. दोन वर्षं ऐकतोय. टायरचं दुकान ओडिलॉनकाकांचं आहे, कबूल. म्हणून अक्कलही सगळी त्यांचीच, असं थोडंच आहे? आज पुन्हा तेच. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, विसलेर, सव्वीस इंची चाकं लावून गाडी उंच झाली रे, तू नाही झालास. सगळे हसले. मीही हसलो. नाइलाज.

माझी कॅप्रिस चौऱ्याहत्तर सालची. असल्या जुन्या गाडीला सव्वीसच्या खाली शोभतच नाही, हे अख्ख्या मायामीला माहीत आहे. काकांना इथे येऊन तीस वर्षं झाली, पण मनाने अजून हैतीत, जाकमेलच्या बाजारात बसलेत.

गाडीची मूळची छोटी चाकं मागे पत्र्याखाली पडून आहेत. म्हटलं, भंगारात द्या. तर म्हणाले, असू देत, खायला मागत नाहीत.

६ मार्च, गुरुवार

डॅरिओन दुकानात आला. त्याची लाल इम्पाला, तीही सव्वीसवर. स्वतःला मोठा रेसवाला समजतो. दरवर्षी जिंकतो, तो भाग वेगळा. माझे टायर बघून विचारलं, यांना कधी नक्षी होती, की जन्मापासून टकले?

तीस तारखेला शहराबाहेरच्या धावपट्टीवर शर्यत आहे. फक्त मोठ्या चाकांच्या गाड्या. जिंकणाऱ्याला तीन हजार डॉलर. मला म्हणाला, ये की. येताना झाडू आण, माझ्यामागे धूळ फार उडते.

नाव नोंदवलं. रागात नाही. पूर्ण विचार करून. राग नंतर आला.

७ मार्च, शुक्रवार

शर्यतीला चांगले टायर पाहिजेत. वेगाचे, रस्ता धरणारे, आणि इतके पातळ की चाकाला काळी रिबीन बांधल्यासारखे दिसावेत. एक चारशेचा. म्हणजे तोही काका कमी करून देणार तेव्हा.

डब्यात आठशे आहेत. रोझलॉरच्या नर्सिंगच्या फीचे. एकतीस तारखेपर्यंत जाकमेलला पोचले पाहिजेत, नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलीला. बहीण माझी, तिची काळजी मला नाही तर कोणाला? म्हणूनच विचार केला. आठशे पाठवले तर आठशेच पोचतील. शर्यतीतून फिरवून पाठवले तर तीन हजार.

आठशेत दोनच टायर येतात, ही अडचण. मग दुपारी भात खाताना सुचलं. गाडीला चाकं चार, पण माणसाला एका वेळी एकच बाजू दिसते. म्हणजे दोन टायर. अर्ध्या खर्चात अख्खी गाडी. चौथीत शाळा सुटली, तरी हे सुचलं. शिकलो असतो तर कदाचित नसतं सुचलं.

८ मार्च, शनिवार

टायर आले. काय तो वास!

काकांनी विचारलं, मागे बसवू ना? मी म्हटलं, उजवीकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, उजवीकडे म्हणजे? म्हटलं, एक पुढे, एक मागे, उजव्या अंगाला. लोक फुटपाथवर असतात, आणि इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून फुटपाथ उजवीकडे असतो.

काका म्हणाले, अरे गाढवा, नवी जोडी एका एक्सलवर जाते, पायात एक बूट आणि एक चप्पल घालून कोणी पळतं का? हे मला माहीत आहे. मी स्वतः दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगतो. पण ते गिऱ्हाइकांसाठी असतं.

शेवटी मीच बसवले. काका बघतसुद्धा नव्हते. म्हणजे बघत होते.

११ मार्च, मंगळवार

नवी शिस्त. गाडी उभी करायची ती डावी बाजू भिंतीला चिकटवून. इथे स्टिअरिंग डावीकडे, मग माझं दार उघडत नाही, सीटवरून सरकत उजव्या दाराने उतरावं लागतं. गिअरचा दांडा पोटरीला लागतो. पण मोठी माणसं उजव्या दारानेच उतरतात, हे लक्षात आलं.

उद्यापासून इंग्रजीच्या वर्गाला जायचं. ग्रियो बंद. तळलेल्या मांसाने माणूस जड होतो आणि शर्यतीत वजन मोजतात.

१२ मार्च, बुधवार

वर्गाला जाता आलं नाही. शाळेसमोर भिंतच नाही.

आईला फोटो पाठवला, उजव्या दारातून उतरताना. लगेच फोन. पहिला प्रश्न, मोटार ठीक आहे, पण चाकं उसाच्या बैलगाडीची का? दुसरा प्रश्न, तू या बाजूने उतरतोस, मग चालवतं कोण? ड्रायव्हर ठेवलास?

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. तेवढ्यात ती गल्लीत सांगायला गेली.

१६ मार्च, रविवार

संध्याकाळी गाड्यांची मिरवणूक. फुटपाथवरून लोकांनी शिट्ट्या मारल्या, फोटो काढले. नवे टायर उन्हात काळ्या मधासारखे दिसत होते. पुढे पोलिसांनी रस्ता वळवला आणि गर्दी एकदम डावीकडे आली. काच वर केली. एक बाई ओरडली, अहो, अर्धी गाडी भाड्याची आहे का? बायकांना गाड्यांतलं कळत नाही.

ग्रियो खाल्लं. सणासारखा दिवस होता.

२० मार्च, गुरुवार

गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी. काकांना विचारलं नाही, कारण ते सांगतील. गाडीचा स्वभाव असतो. हाताला सवय लागेल.

२६ मार्च, बुधवार

आईचा फोन. रोझलॉरने नर्सचा पांढरा पोशाख शिवून घेतलाय. घरात घालून फिरते, गल्लीतल्या लोकांच्या नाड्या बघते. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली, आजोबा, तुम्हाला नाडीच नाही. तो चिडून निघून गेला आणि जेवायलाही आला नाही.

मग रोझलॉर स्वतः फोनवर आली. पैशांचं काही बोलली नाही. फक्त म्हणाली, दादा, सोमवारी यादी लावतात. म्हटलं, तीन हजार पाठवतोय, डॉक्टर हो.

२९ मार्च, शनिवार

गाडी धुतली. उजवी बाजू दोनदा.

उद्या प्रेक्षकांचा मांडव धावपट्टीच्या उजव्या हाताला आहे आणि चिठ्ठीत मलाही उजवीकडचीच पट्टी आली. देवाच्या मनात असलं की असं जुळून येतं.

३० मार्च, रविवार

झालं ते असं.

दिवा हिरवा झाला. पाय दाबला. डॅरिओन गेला. मी जागेवरच. मागचं डावं चाक भुईचक्रासारखं फिरत होतं, धूर, आवाज, सगळं जोरात. उजवं चाक शांत; इंजिनाची सगळी ताकद घसरणाऱ्या चाकालाच जाते. नवाकोरा टायर, चारशे डॉलरचा, तमाशा बघत उभा.

मग गाडी हलली. पण पुढे नाही. मागचा भाग हळूहळू सरकत आला आणि गाडी तोंड मागे होईपर्यंत फिरली, फोटोग्राफरने सांगितल्यासारखी. धूर विरला तेव्हा माझी डावी बाजू बरोबर मांडवासमोर. पुढचा टायर टकला, मागच्याच्या तारा बाहेर. आणि तोच तेव्हा फुटला. चाक जमिनीवर बसलं, रिमची कड वाकली.

मांडवातले लोक आधी उठून उभे राहिले. मग सगळेच बोलले.

डॅरिओन रेषेपलीकडून परत आला. झाडूबद्दल विचारेल असं वाटलं. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, भावा, ही दोन वेगवेगळ्या माणसांची गाडी आहे काय? हवेतला ओलावा, धावपट्टीचा उतार, बऱ्याच गोष्टी असतात. त्याला समजावत बसलो नाही.

ओढगाडीवाल्याने विचारलं, कुठे नेऊ? काकांच्या दुकानाचा पत्ता सांगितला. दुसरा पत्ता आठवला नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी दुकानात गेलो तर काकांनी पत्र्याखालची छोटी चाकं आधीच बाहेर काढून ठेवली होती. हवा भरलेली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नवे दोन टायर डॅरिओनने विकत घेतले. हात फिरवून बघितले आणि म्हणाला, हे तर दुकानातून आणल्यासारखेच आहेत, यांनी कामच केलं नाहीये. म्हणून जवळजवळ पूर्ण किंमत दिली. कमी पडले ते काकांनी घातले, उरलेल्या तीन धड रिमच्या बदल्यात. तीन चाकं कोण घेतं? त्यांनी एक दुकानाच्या दारावर टांगलं. म्हणाले, पाटी झाली.

कॅप्रिस आता छोट्या चाकांवर आहे. तात्पुरती. सरळ चालते, हे मान्य करायला हवं. पुढच्या वर्षी चारही घेणार, त्यात शंका नाही.

पैसे पाठवायला निघताना आईचा फोन. सांगितलं, ड्रायव्हरला काढून टाकलं. म्हणाली, बरं केलंस, तू उजव्या बाजूने उतरायला लागलास तेव्हाच मला तो आवडला नव्हता. गाडीचा फोटो मागितला. या वेळी डावीकडून काढला, भिंतीपासून लांब उभी करून. बघून म्हणाली, आता कशी मोटारीसारखी दिसते. मागे रोझलॉरचा आवाज, दादा, दुपारपर्यंत पोचतील ना?

रांगेत उभा आहे. तीन हजाराचं नंतर बघू.

पाठवतोय : ८०० डॉलर.