पोटाचा विकार

महाड, मंगळवार, १४ ऑगस्ट २००१

क्लेम परत आला. मूल होण्यासाठीचे उपचार यांच्या कंपनीच्या पॉलिसीत बसत नाहीत, असं दवाखान्याची बिलं पाहून एका ओळीत कळवलंय. उपचारांसाठी पुन्हा पुण्याला जायचं तर माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील. असो. पण सोबत यांनी भरलेला फॉर्म होता, तो मी आज पहिल्यांदा पाहिला. आजाराचं नाव: पोटाचा विकार. रुग्णाचं नाव: माझं.

माझं? डॉक्टरांनी दोष यांच्यात सांगितला होता. इंजेक्शनं मी घेतली, कारण ती बाईलाच घ्यावी लागतात.

विचारलं तर म्हणाले, "ऑफिसातला क्लार्क आपल्या पोलादपूरचा. त्याच्यासमोर काय लिहिणार होतो?"

पोटाचा विकार! मी शाळेत विज्ञान शिकवते.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी सासूबाई पोलादपूरहून आल्या. क्लार्कच्या आईनं त्यांना फॉर्मवरचं सगळं सांगितलेलं. पिशवीतून ओव्याच्या काढ्याची बाटली काढली आणि पेला भरून माझ्या हातात दिला. "पोटाचं दुखणं हाय तर आधी नाय का सांगायचं गो? पोट बरं झालं की मूल पण होईल."

किती मायेनं म्हणाल्या. त्यांच्यावर चिडू तरी कशी?

हे समोरच पेपर वाचत बसले होते. आता तरी काही बोलतील, म्हणून मी पेला तसाच धरून थांबले. यांनी पान उलटलं.

मग मी काढा प्यायले.