रेडिएटरचं टोपण

ताई,

दार सताड उघडं टाकून निघालो होतो. ही चिठ्ठी दवाखान्यातून शेजाऱ्याच्या हाती पाठवून घरात ठेवायला सांगितलीय, तेव्हा तुझ्याआधी चोराने वाचली असेल तर त्याला नमस्कार. आई आणि मी बाबांना घेऊन दवाखान्यात आहोत. ट्रॅक्टरची तब्येत उत्तम आहे.

सकाळी मी रेडिएटरची नवी जाळी, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या बारीक नळ्यांचा संच, बसवली. जुनी इतकी गळायची की आत वाफ कोंडायचीच नाही, म्हणून बाबा वीस वर्षं गरम इंजिनावरही बिनधास्त टोपण उघडून पाणी बघायचे. नवी थेंबभर गळत नाही. हे मी घरभर मिरवत सांगितलं. आता टोपण गरम असताना उघडायचं नाही, एवढंच सांगायचं राहिलं. दोन तास नांगरून झाल्यावर त्यांनी सवयीने उघडलं आणि उकळतं पाणी थेट तोंडावर आलं.

उजव्या डोळ्याचं उद्या पट्टी काढल्यावर कळेल. त्यांचा चष्मा मडगार्डवर राहिलाय, तो आण. लागणार आहे असंच धरून चाल.

वाटेत त्यांनी एकच विचारलं, "पाणी किती होतं रे?"

म्हटलं, "काठोकाठ."

"मग जाळी चांगली बसवलीस," म्हणाले.

– धाकटा