स्टेजवर बोलायची भाषा

१ डिसेंबर, सोमवार

आली ब्याद! ओढ्यापलीकडे ऊसतोडीची टोळी उतरली आणि आमच्या हेडमास्तरांनी, पायगोंडा पाटील सरांनी, हौसेनं चार पोरं धरून आणली. तीन लहान वर्गात गेली. चौथी माझ्या चौथीत! जमना चव्हाण, जतकडच्या तांड्यावरची. केसांत पाचट, नाकाला शेंबूड, आणि डोळे माझ्यावरून हलेनात.

"चव्हाण बाई, तुमच्याच आडनावाची हाय बघा!" सर म्हणाले. शेजारच्या वर्गावरची चंदना मगदूम हसली. मीही हसले. चव्हाण साताऱ्यात आहेत, तसे लमाणांच्या तांड्यावरही आहेत. त्या एका आडनावावर मी इतकी वर्षं निभावली. नोकरीला माहेरचंच नाव ठेवलं ते त्यासाठीच.

मधल्या सुट्टीत कार्टी जवळ आली आणि गोरमाटीत, लमाणांच्या बोलीत, सुरू — "बाई, माझी याडी म्हणाली..." याडी म्हणजे आई. म्हटलं, "काय गं? मला नाही कळत तुझं. मराठीत बोल." खाली मान घालून उभी राहिली.

सगळं कळलं होतं मला.

३ डिसेंबर

नवऱ्याला, जयराजला, फोन केला. पार राजस्थानच्या सीमेवर नोकरी, तिथून काय करणार? म्हणतो, "पोर हाय गं. घाबरतीस काय?" त्याला काय जातंय! त्याला माझं सगळं ठाऊक आहे. त्याच्या आईला नाही. अंबूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी मेढ्याहून माझ्याकडे येऊन राहिल्यात, आणि अख्ख्या गल्लीत सांगतात — "आईबाप न्हाईत बिचारीला. कऱ्हाडाकडच्या चव्हाणाची लेक हाय. आता मीच तिची आई."

बाप खरंच नाही. आई आहे. तांड्यावर. लग्नाच्या वेळी मीच तिला मारून टाकलं, दोन वाक्यांत. तिनंही कधी उठून वाद घातला नाही. आली नाही, फोन केला नाही. शहाणी आहे.

अंबूबाईंना कळलं तर? देव्हाऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. जयराजला दुसरी बघतील. मेढ्याला तोंड दाखवायची सोय उरणार नाही!

५ डिसेंबर

लोणंदला प्रशिक्षण. 'सर्वांचा वर्ग'. मी तज्ज्ञ! समोर सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांतले गुरुजी, बाया, सगळे जेवून पेंगलेले. मी ठणकावून सांगितलं, "मूल घरची भाषा उंबऱ्यावर चपलेसारखी काढून येतं. ती आत आणा. त्या भाषेला वर्गात मान द्या." खाडकन जागे झाले. टाळ्या!

एका मास्तरानं विचारलं, "आवं मॅडम, आमाला ती भाषाच येत न्हाई, मान कसा द्यायचा?" म्हटलं, "ऐकून घ्या. नुसतं ऐकून घेतलं तरी पुष्कळ." पुन्हा टाळ्या. चांगलं बोलते मी. यात खोटं काय आहे?

साताऱ्याचे साहेब खूश. एकोणीस तारखेला माझा वर्ग बघायला येणार, बरोबर दोन्ही जिल्ह्यांतले शिक्षक. वर्ग पसंत पडला तर मेढ्याला बदली. साहेबांनीच शब्द दिलाय.

९ डिसेंबर

ही पोर मला जगू देणार नाही. आज भर वर्गात पाढे चालू असताना उठून पुन्हा तेच. "बाई, माझी याडी म्हणाली, तुमची..." पुढचं मी तिच्या तोंडातच दाबलं. "खाली बस!" असं ओरडले की पुढच्या बाकावरची ब्राह्मी रडायला लागली.

अतिशय नावाचं ते व्यापाऱ्याचं पोरगं नाक धरून म्हणालं, "बाई, ही लमाणीण काय बोलती?" सगळी फिदीफिदी हसली. मी हसू दिलं. हो, दिलं! हसली की ही गप्प बसेल.

नंतर तिला व्हरांड्यात घेतलं. "ती तुझी भाषा शाळेत बोलायची नाही. माझ्याशी तर नाहीच. एकोणीस तारखेला पाहुणे येतील, तेव्हा स्टेजवर बोलायची. तोवर एक शब्द नाही."

मराठीत विचारते, "स्टेजवर बोलू का मग?"

"बोल."

"काय बी?"

"काय बी बोल, माझे आई! आता जा."

इतकी खूश झाली की उड्या मारत गेली. मूर्ख.

१२ डिसेंबर

गेटवर तिची आई! खिडकीतून बघितलं आणि ओळखलं. मनुबाई. आमच्याच तांड्यावर दिलेली. तिला हळद माझ्या आईनं लावली होती. साडीवर नवऱ्याचा शर्ट, हाताला चिंध्या बांधलेल्या, कोयत्यावरनं तशीच उठून आलेली.

शिपायाला, सिद्धूला, सांगितलं, "बाई मीटिंगमध्ये आहेत म्हण." लिंबाखाली बसून राहिली. मी खिडकीचं दार लावून घेतलं. सिद्धू परत आला — "बाई, ती म्हंती, मराठीत सांगण्यासारखं न्हाई, बाईंनाच सांगायचंय. लय काकुळतीला आलीया." म्हटलं, "वह्या-पुस्तकं फुकट पाहिजे असतील. जाऊ दे तिला."

मागच्या दारानं घरी आले. हिला काय, नातं सांगायचं असेल! आज नातं, उद्या चहाला घरी.

१६ डिसेंबर

सांगलीला जाऊन ड्रेपरीच्या दुकानातून जमनासाठी घागरा भाड्यानं आणला. दुकानदार म्हणतो, "कोळीण देऊ का लमाणीण?" दोन्ही एकाच खुंटीला! प्लॅस्टिकच्या टिकल्या, चिकटवलेल्या कवड्या. हातात घेतला तर काहीच वजन नाही.

आईच्या फेटियाला खऱ्या काचा होत्या. तो घागरा उन्हात वाळत घातला की समोरच्या भिंतीवर उजेड नाचायचा आणि मी तो पकडायला धावायचे. तिनं एकेक काच हातानं शिवलेली. आज का आठवलं हे, कोण जाणे.

चंदना म्हणाली, "रेश्मा, तिच्या घरातलंच कायतरी आणायला सांगायचं होतंस की." म्हटलं, "तिच्या घरात काय असतंय? ताडपत्री!" चंदना पडली जैन. हिच्या डब्यात कांदा नाही, बटाटा नाही, आणि सगळा स्टाफ त्याचा मान राखतो. हिला शहाणपण सुचायला काय जातंय?

१९ डिसेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

रांगोळी, फेटे, साहेब. पोरांनी आपापल्या घरचं दाखवलं. सम्मेदनं पर्युषणाचं सांगितलं, पृथ्वीराजनं सैन्यातल्या आजोबांची टोपी दाखवली. मग जमना. घागरा मोठा होता, मागून सेफ्टी पिना लावल्या होत्या. मी माईकवर म्हणाले, "आता आपली जमना तिच्या गोड भाषेत बोलेल. आपण ऐकून घेऊ या."

ती माईकजवळ गेली. पाहुण्यांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे तोंड केलं आणि गोरमाटीत, पाठ केल्यासारखं, एका दमात —

"बाई, तुमची याडी आमच्या टोळीबरोबर आलीय. तुम्हाला लांबून बघायचं म्हणाली, बोलणार नाही म्हणाली. पाचटाच्या कोपीत आजारी पडली. आता मिरजेला दवाखान्यात आहे, सारखं तुमचं नाव घेते. माझ्या याडीनं सांगितलंय, आपल्याच बोलीत सांग, दुसऱ्याला कळलं तर बाईचं घर मोडेल. बाई, लवकर जा."

कडाडून टाळ्या! एक बाई डोळे पुसत होती. साहेब वाकून म्हणाले, "वा! काय म्हणाली हो?"

मी म्हणाले, "पाहुण्यांचं स्वागत करतेय, साहेब."

जमनानं माझं मराठी ऐकलं. तिला मराठी चांगलं कळतं. तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग स्वतःच पिना काढायला लागली, सगळ्यांसमोर.

जेवताना साहेबांनी विचारलं, "कुठले चव्हाण तुम्ही?" "कऱ्हाडकडचे." "वाटलंच! भाषा काय स्वच्छ आहे तुमची." मेढ्याची बदली पक्की.

एक तारखेपासून आई ओढ्यापलीकडे होती. शाळेतून कोप्यांचा धूर दिसतो.

२० डिसेंबर

शाळेत सत्कार. पाटील सरांनी शाल दिली. जमना आली नाही. शाळा सुटल्यावर मिरजेच्या गाडीसाठी उभी राहिले. गाडी आली. आत गल्लीतल्या दोघीजणी बसलेल्या! "आवं बाई, मिरजंला कुणाकडं?" म्हटलं, "कुणाकडं नाही. सांगलीला चाललेय, चुकीच्या गाडीला हात केला." घरी आले.

स्टेजवरचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. अंबूबाईंनी तीनदा बघितला. "पोरगी लय ग्वाड बोलती गं. काय म्हंती?"

२१ डिसेंबर, रविवार

उद्या अंबूबाईंची तपासणी, मिरजेलाच. त्यांना बाकावर बसवीन, नंबराची चिठ्ठी काढते म्हणेन आणि आईला शोधायला जाईन. जवळ बसेन. आपल्या बोलीत बोलेन. एवढे दिवस तग धरलीय, एक दिवस धरेल. चिवट आहे ती.

याडी, उद्या येते. नक्की.

२२ डिसेंबर

चार दवाखाने फिरले, चौथ्यात सापडलं. खाटेवर दुसरीच बाई होती. आया म्हणाली, "ती लमाणी म्हातारी व्हय? परवा सांजच्याला गेली. टोळीची माणसं आलती, घेऊन गेली गावाकडं. सारखी दाराकडं बघायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी कोण तिच्या?"

"शाळेतल्या एका मुलीच्या ओळखीची आजी होती. मी त्या मुलीची बाई."

तोंडातून आपोआप आलं. कुणी अडवलं नव्हतं. अंबूबाई पहिल्याच दवाखान्यात बाकावर होत्या, ऐकायला कोणी नव्हतं. आणि तरी मी हेच म्हणाले.

२३ डिसेंबर

शाळेतून घरी आले. तिन्हीसांजेला अंबूबाई बाजेवरून म्हणाल्या, "रेश्मा, माझा गुडघा काय आज उठू देत न्हाई. देवाम्होरं दिवा लाव तेवढा. आपल्यात काय सुतक न्हाई, काय न्हाई."

लावला.