हातावरचं दही

४ फेब्रुवारी १९४६, वडूज

आलो बाई एकदाचे! रहिमतपूरला आगगाडीतून उतरलो नि पुढं सर्व्हिस मोटारीनं हाडं खिळखिळी केली. घर छान आहे. दोन खोल्या, पुढं यांच्या चुलतभावाचं कापडदुकान. आमचे हे उद्यापासून तिथंच बसतील. कंट्रोलपायी धान्याचं दुकान बसलं, नाहीतर सांगली सोडतंय कोण? लग्न होऊन गेले तेव्हा परकी होते, नऊ वर्षांत तिथलीच झाले. निघताना घाटाकडं बघवेना, रडूच आलं.

कस्तुरी मात्र खूश. पाच वर्षांची पोर, मोटारीत बसायला मिळालं की झालं. दोन गेली, त्यावर राहिलेली ही एकच.

सकाळी निघताना गल्लीतली म्हैसवाली धोंडुबाई दारात उभी. आठ दिवस मिरजेला भावाकडं तापानं पडली होती, म्हणून नवल वाटलं. तिला मूलबाळ नाही, कस्तुरीवर भारी जीव. नेहमी म्हणायची, "आवं, येवढी पोरगी ठिवा की मला." मी म्हणायचे, घेऊन जा, दोन दिवसांत माघारी आणून सोडशील! आज ती काही बोललीच नाही. नुसतं कस्तुरीच्या हातावर दही घातलं. हातावर दही घातलं की जाणारा माणूस परत येतो म्हणतात. मीही हात पुढं केला, तर तिनं वाटी मागं घेतली. मला आपला रागच आला.

५ फेब्रुवारी

नव्या घरात दूध उतू घालायचं म्हणून शेजारच्या सुलाबाईंकडून ताजं दूध आणलं. चूल पेटवून बघते तर पातेल्यात घट्ट दही! या थंडीत रात्रभर कांबळ्यात गुंडाळलं तरी विरजण लागत नाही. सुलाबाई म्हणाल्या, "भांडं खरकटं आसंल." माझं भांडं आणि खरकटं? वा गं वा!

९ फेब्रुवारी

रोज दूध आणते, रोज दही होतं. आणि कस्तुरी जेवत नाही. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतो. ती तोवर ताटाला शिवत नाही, आणि दिवस मावळला की उंबऱ्यावर बसून तळहात चाटते. राखेनं घासला, लिंबू चोळलं, आंबट वास जात नाही. हे म्हणतात, पोरीला सांगलीची आठवण येते, तुला तरी कुठं करमतंय? खरं आहे. पण मी तळहात चाटत नाही.

१३ फेब्रुवारी

आकाराम गाडीवान सांगलीहून राहिलेलं सामान घेऊन आला. सहज धोंडुबाईची चौकशी केली. म्हणाला, "ती गेली की. तुमी निघायच्या आदल्या दिशी, मिरजंत. मातीला मी व्हतो." म्हटलं, अरे, निघायच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात होती. तो उठलाच. चहा तसाच ठेवून गेला.

१४ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हसले. मग कस्तुरीचा तळहात हुंगला नि हसायचे थांबले. म्हसवडला कुणी जाणता आहे म्हणतात, त्याला आणायला गेलेत.

१६ फेब्रुवारी

दिवेलागणीला पोर सांगलीच्या वाटेवर सापडली. अनवाणी चालली होती. म्हणते, धोंडुबाई बोलावते. णमोकार मंत्र म्हणायला बसले तर मध्येच विसरले — जन्मात कधी विसरले नाही. हे अजून आले नाहीत. मला फार भीती वाटते.

१७ फेब्रुवारी

दिवस मावळला. दाराला कडी. कस्तुरीचा हात माझ्या डाव्या मुठीत. सोडणार नाही — काही झालं तरी —

बाहेर चरवी वाजते. आमच्या गल्लीत धोंडुबाईची दुधाची चरवी वाजायची तश्शीच.

ओरडून म्हटलं, धोंडुबाई, ही एकच आहे गं मला. न्यायचीच असेल तर मलाही ने. माझ्याही हातावर घाल —

चरवी थांबली.

ऐकलं तिनं — डाव्या मुठीत काहीतरी गार, घट्ट — आंबट वास — दही आहे. दहीच आहे.

मग कस्तुरीचा हात कुठं —