उशाशी गाठोडे

धुळे, ता. १२ नोव्हेंबर १९२३

चि. अभिमन यास थोरला भाऊ रुपचंद याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कोबेचे पत्र पोचले. योकोहामाच्या भूकंपातून वाचलास, एकविरेला नारळ फोडला. पण पुढचे वाचून हसावे की रडावे कळेना. भिंती कागदाच्या, दारे कागदाची, आणि जमीन हलली की अख्खी गल्ली घर सोडून रस्त्यावर! उशाशी जोडा, कंदील नि गाठोडे ठेवून झोपतोस म्हणे. आपला सालदार तोताराम म्हणतो, तठली जमीनच हलकी शे. आपल्या घरावर हातभर मातीचे धाबे आहे. त्याखाली जमीन हलायला धजत नाही. रुई पारखायला गेलास आणि पळायला शिकलास.

तुझे कुटुंब भागाबाई व लेक मनी यांना तिकडे पाठवाल का, असे तू विचारतोस. घर सोडून पळणाऱ्यांच्या मुलखात आपल्या लेकीसुना जाणार नाहीत. विषय संपला.

लोभ असावा, आणि थोडी लाजही असावी.
रुपचंद

कोबे, ता. २० डिसेंबर १९२३

ति. स्व. नाना यांचे चरणी अभिमनचा सा. न. वि. वि.

आपले धाबे थोर आहे, कबूल. ते योकोहामात माझ्या डोक्यावर असते तर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो. तिथे जमिनीपेक्षा आगीने अधिक माणसे नेली. म्हणून घरमालकीण बाईने मला दटावून शिकवले, आधी शेगडीवर पाणी, मग दार. आता झोपेतसुद्धा माझा हात घागरीकडे जातो. ही माणसे पडलेले घर पुन्हा बांधतात आणि कपाळ बडवत बसत नाहीत.

नाना, आमची थोरली लेक त्याच पक्क्या घरात प्लेगने गेली. उंदीर मरून पडले होते, तरी रुपचंद पाटलाचे घर पहिले रिकामे दिसू नये म्हणून आपण थांबलात. मनीचा जीव तरी त्या भिंतींच्या भरवशावर ठेवू नका. तिला नि तिच्या आईला पाठवा. तरी आपली आज्ञा प्रमाण.

कृपा असू द्यावी.
अभिमन

मळ्यातली झोपडी, धुळे, ता. ९ फेब्रुवारी १९२४

चि. अभिमन यास आशीर्वाद. वि. वि.

जुनी जखम उकरू नये एवढी रीत तुझ्या जपान्यांनी शिकवली नाही वाटते. यंदा उंदीर पडताच सगळे मळ्यात आलो. कुडाच्या झोपड्या आहेत, वारा आरपार जातो, पण सवयीचे झाले आहे. दिवाळी सरली की सगळी घरे गाठोडी बांधूनच ठेवतात. कंदील नि घोंगडी उशाशी असते. मनी मजेत आहे.

यावर तू काय म्हणशील ते ठाऊक आहे. तुम्ही पळता, आम्ही मुक्काम हलवतो. मनी इथेच राहील.

रुपचंद

धुळे, ता. २० एप्रिल १९२४

ति. स्व. यांचे सेवेसी भागाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली पत्रे नानांच्या नावे येतात, म्हणून मला ती त्यांच्या तोंडून ऐकावी लागतात. नाना झोपडीच्या दारात बसून कागदी घरांना हसत होते, तेव्हा कुडातून आलेल्या वाऱ्याने त्यांचा कंदील विझला. मला हसू आवरेना. मग आपले पत्र आठवले आणि हसू गेले. आपण भूकंपापुढे उभे राहता, भावापुढे उभे राहता येत नाही. लेकीला पाठवा म्हणता आणि खाली आज्ञा प्रमाण लिहिता. थोरलीच्या वेळी मीही पदर तोंडाला लावून गप्प बसले होते. आता बसणार नाही.

माझा भाऊ हिलाल भुसावळहून येऊन आम्हाला मुंबईस नेऊन जपानच्या बोटीवर बसवून देईल. त्याच्याशी बोलणे झाले आहे, नानांशी उद्या बोलेन. विचारणार नाही, सांगणार आहे. शेगडीवर आधी पाणी टाकायचे, हे मनीने पाठ केले आहे.

मळ्यातून परतल्यावर घरात सगळ्यांनी आपापली गाठोडी सोडली. आम्हा दोघींचे अजून बांधलेलेच उशाशी आहे.

लोभ असेल, तर तो आता कोबेच्या बंदरावर उभा दिसावा.
भागाबाई