कुणालाच न सांगितलेलं नाव

३ नोव्हेंबर २०२५, कोथरूड

आलो बाई एकदाचे पुण्यात! सांगलीहून सामानाचा टेम्पो दुपारी पोचला. जागा हेमाताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, त्यांच्याच सोसायटीत शोधून दिलेली. स्वयंपाकघरात छान ऊन येतं. मला आठवा महिना लागलाय, म्हणून सलिल साधा डबासुद्धा उचलू देत नाही. हेमाताई पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या की पातेलं घासून परत द्यायचं. सांगलीत तशी पद्धत नसेल तर लावून घ्यायची. मला आवडल्या हो.

५ नोव्हेंबर

नव्या नोकरीचा दुसरा दिवस. काम घरूनच आणि सोपं. चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या जुन्या-नव्या याद्या कंपनीकडे आहेत. गिऱ्हाइकानं आपला पासवर्ड आमच्या वेबसाइटच्या पानावर टाकायचा. तो कुठल्या यादीत किती वेळा सापडला ते कळतं. फुटला असेल तर बदला, म्हणून मी फोन करते. लोक काय एकेक ठेवतात! बायकोचं नाव काय, स्कूटरचा नंबर काय. सांगू नका म्हटलं तरी सांगतात.

अर्थात मी तरी कुठे शहाणी? माझा पासवर्ड म्हणजे मुलगी झाली तर ठेवायचं नाव. सलिलनं स्वतः घडवलेलं, कुणाचंच नसलेलं. पुढे त्याचं नाव, मग आडनाव, सगळं सलग. मुलगा झाला तर दुसरं नाव आहे, ते सलिलच्या लॅपटॉपला. बारशाआधी नाव बाहेर काढायचं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

११ नोव्हेंबर

फोन नव्हते, तेव्हा गंमत म्हणून स्वतःचाच पासवर्ड तपासला. एकदा सापडला. यादी २०१४ सालची. तेव्हा मी सलिलला ओळखतही नव्हते!

मुलाचं नाव टाकून बघितलं. ते कुठेच नाही.

आमचे साहेब श्रीधर म्हणाले, कोट्यवधी पासवर्ड असतात, योगायोग असेल. बापाच्या नावासकट योगायोग? पण हे त्यांना विचारायचं तर नाव सांगावं लागलं असतं.

२ डिसेंबर

सलिल आधी हसला. मग त्यानंच मुलीसाठी नवं नाव काढलं, कागदावर लिहून मला दाखवलं आणि कागद गॅसवर जाळला. ते मी पानावर टाकलं. तीनदा. त्याच यादीत.

आणि पहिलं नाव आता एक्केचाळीस वेळा. अकरा वर्षांपूर्वीच्या यादीत भर कशी पडते?

पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला आत शिरता येतं, हे मी लोकांना दिवसभर समजावते. मला फार भीती वाटतेय. माझ्या लेकरात कोण —

२० डिसेंबर

मुलगीच झाली.

२८ डिसेंबर

आता नाव हेमाताईंनीच ठेवायचं. आत्याचाच मान तो. फक्त मनात ठरवायचं, कुठे लिहायचं नाही, आम्हालाही सांगायचं नाही. बारशाला थेट बाळाच्या कानात. हेमाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टोमणा मारला नाही, त्यानंच मी जास्त घाबरले.

मी तपासणार नाही. शपथ.

३१ डिसेंबर, दुपार

बारसं झालं. झालं म्हणजे —

हेमाताई पाळण्यावर वाकल्या. बायकांनी कुर्र करून त्यांच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या हसत होत्या. मग हेमाताई सरळ झाल्या आणि आमचं नाव म्हणाल्या. पहिलं. सलिलच्या नावासकट, आडनावासकट.

मी त्यांना स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"मी तिला काहीच सांगितलं नाही गं. मी वाकले, आणि तिनंच माझ्या कानात सांगितलं."

३१ डिसेंबर, चार वाजता

पाहुणे गेले. सलिल हेमाताईंना घरी सोडायला गेलाय.

पान उघडलं. उघडायला नको होतं. नाव टाकलं तर आकडा नाही, यादी नाही. दोनच शब्द — प्रवेश झाला.

बाळ जागं आहे. रडत नाही. सोनू म्हटलं, छकुली म्हटलं — माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्या नावानं मी हाक मारणार नाही. नाही म्हणजे नाही.

तिनं मान वळवली. बारा दिवसांचं बाळ — अशी कशी —

ओठ हलतायत. माझं नाव घेतेय. पूर्ण. स्पृहा सलि