भाच्याचा डबा आणि मामाचं नाक

उधना, सुरत
मंगळवार

चि. प्रवीण यास लोटूमामाचे आशीर्वाद. तुझी, ताईची आणि तुझ्या त्या प्रयोगशाळेची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. आमची विचारू नकोस. मामाने भाच्याच्या पाया पडायची आपल्याकडे रीत आहे. या खेपेला मी पडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या प्रिंटिंग मिलमध्ये तू जो डबा बसवून गेलास, तो रविवारच्या आत काढून ने. त्यात म्हणे जस्ताची नॅनो पूड आहे, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी बारीक. थिनरची वाफ तिला लागली की तिच्यातून जाणारी वीज बदलते आणि डबा ओरडतो. हे तू शेठला इतकं गोड समजावलंस की तेवीस वर्षांत मला कधी पाजला नाही तो चहा त्यांनी तुला पाजला (वर खमणसुद्धा!). अरे, पण सकाळी मिलमध्ये पहिला कोण शिरतो? मी. वाफ साचलेली असताना बटण दाबलं तर एका ठिणगीत सगळं भस्म. म्हणून वास घेऊन मी 'चालू करा' म्हटल्याशिवाय अकरा माणसांतला एकही बटणाला हात लावत नाही.

तुझ्या डब्याने पहिल्याच दिवशी शोभा केली. नवीन यंत्र म्हटल्यावर पूजा नको? मिलमधल्या किरणने हार घातला, मी नारळ फोडला आणि पाच अगरबत्त्या ओवाळल्या. झालं! डबा असा बोंबलला की सगळी मिल प्रसाद टाकून रस्त्यावर पळाली. देवाच्या धुपाला गॅस म्हणणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुकदेव साखरपुड्याला जायचं म्हणून सेंट मारून आला, तरी तेच. (त्याने आता धास्तीने साबणही सोडलाय. जवळ उभं राहवत नाही, असं बाकीचे म्हणतात.)

गुरुवारी डबा पुन्हा ओरडला. मी आत गेलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, काही नाही, चालू करा. पण हा सुकदेव, माझ्याच हाताखाली शिकलेला, बटण सोडून मशीनखाली वाकला. थिनरचा कॅन आडवा झालेला, अर्धा सांडलेला. 'नाना, तुम्हना नाकले काय व्हयनं?' असं त्याने मला सगळ्यांदेखत विचारलं. शेठ हसून म्हणाले, 'लोटुभाई, हवे नाकने आराम आपो.' आता नाकाला आराम द्या म्हणे! मला सर्दी होती रे, सर्दीत कोणाचंही होतं. पण ऐकतो कोण? माझी अब्रू घालवायला सख्खा भाचाच मिळाला देवाला.

मामी म्हणते पोराला एवढं लिहू नका. मी लिहिणारच. ताईला नमस्कार.

तुझा (अजून तरी),
लोटूमामा

ता. क. सर्दीचं ताईला सांगू नकोस, काढा पाठवेल.

पुन्हा ता. क. सर्दी नव्हती. दीड वर्ष झालं, मला कशाचाच वास येत नाही. मामीची फोडणी करपली तरी कळत नाही, तिचं तोंड बघून भाजीला छान म्हणतो. मिलमध्ये नुसती कॅनची झाकणं बघून 'चालू करा' म्हणायचो. गुरुवारी सुकदेवने माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं? लाज वाटते रे. फोनवर बोललो असतो, पण इथे भिंतीलाही कान आहेत, म्हणून किरण आज तुमच्या जळगावला निघालाय त्याच्या हाती हे पत्र देतोय (पाकीट दोनदा चिकटवलंय).

डबा नेऊ नकोस. मागच्या थिनरच्या ड्रमच्या खोलीत डबा नाही, तिथे अजून माझ्याच नाकावर बटण दाबतात. सध्या तिथली किल्ली हरवली असं सांगितलंय, ती माझ्या खिशात आहे. परवा शेठ कुलूप तोडायला माणूस आणणार आहेत. तू उद्याच दुसरा डबा घेऊन ये. चारचौघांत मी तुला वाटेल ते बोलेन, दारात आडवा उभा राहीन. मला बाजूला सार आणि बसव.